चौकोनातली बाग

"उठा तांबोळी, मला बसू द्या त्या खुर्चीत," पोतनीस साहेब म्हणाले. "तुमच्या हाताला यशच नाही."

मी उठले. साहेबांनी खुर्ची आधी वर करून पाहिली, मग खाली, चष्मा पुसला, आणि पूजेतली सुपारी उचलावी तसा माऊस दोन बोटांत धरला. साहेब नुकतेच प्रशिक्षणाहून आले होते. 'उपग्रहचित्र हद्दीबरहुकूम कापणे' हा विषय. पहिला दिवस उद्घाटनात गेला होता, शेवटचा समारोपात, आणि मधल्या दिवशी जेवणानंतर जे काही शिकवलं असेल त्यातलं साहेब जागे असताना कानावर पडलं तेवढं घेऊन ते परतले होते. पण प्रमाणपत्र मोठं होतं. ते चौकटीत लावून भिंतीवर टांगलेलं होतं.

विश्वंभर पोतनीस हे आमच्या जिल्हा हरितमान कक्षाचे प्रमुख. कक्ष म्हणजे जुन्या गोदामाच्या माडीवरच्या दोन खोल्या. एका खोलीत साहेब आणि पंखा, दुसऱ्या खोलीत संगणक आणि मी, अंजुम तांबोळी, कंत्राटी तांत्रिक सहायक. काम समजायला अवघड नव्हतं. उपग्रहाचं चित्र येतं तेव्हा त्यात अर्धा तालुका असतो. आपल्याला हवी असते त्यातली एक टेकडी, नाहीतर एखादं गायरान. म्हणून त्या जागेची हद्द चित्रावर ठेवायची, शिंपी खडूच्या रेघेवरून कापड कापतो तसं चित्र कापायचं, बाहेरचं टाकून द्यायचं आणि आत हिरवं किती ते मोजायचं. बस.

त्या दिवशी वाघजाई टेकडीची पाळी होती. दोन वर्षांपूर्वी साहेबांच्या देखरेखीखाली तिथे वृक्षलागवड झाली होती. मंडप पडला, फेटे बांधले, बँड वाजला. रोपं उभी होती ती पाहुण्यांच्या गाड्या निघेपर्यंत. मग पिंपरणी गावच्या शेळ्यांनी पंगत उरकली, आणि शेळ्यांच्या पानात उरलं ते उन्हाळ्याने नेलं. टेकडीला टँकरने पाणी घालायची तरतूद होती. टँकर पिंपरणीपर्यंत भरून जात, यात खोटं काही नाही. पुढे टेकडी मात्र चढत नसत. आमच्या अहवालांत रोपं दोन्ही वर्षं जोमात होती, कारण अहवाल आमचे आम्हीच लिहायचो आणि वाचायचं काम कुणावरच सोपवलेलं नव्हतं.

अशी सगळी सोय असताना सरकारने त्या वर्षी नवाच घोळ घातला. लागवड जगली की मेली हे आता उपग्रहाच्या चित्रावरून ठरणार होतं. हद्दीच्या आत निम्म्याहून जास्त हिरवं असेल तर सत्कार, फारच कमी असेल तर चौकशी. मी सकाळीच टेकडी कापली, मोजली. नऊ टक्के निघालं. त्यातही निम्मी घाणेरीची झुडपं.

"नऊ?" साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "अहो, नऊ कसं येईल? मी स्वतः उभं राहून खड्डे मोजलेत."

"खड्डे आहेत साहेब. झाडं नाहीत."

त्यावर त्यांनी मला खुर्चीतून उठवलं होतं.

"हे आपलं चित्र," साहेब मोठ्याने म्हणत होते, स्वतःलाच शिकवल्यासारखे. "ही आपली हद्द. आणि आता... क्लिप." त्यांनी बटण दाबलं. संगणक थोडा घरघरला. पडद्यावर नवं चित्र आलं आणि त्याखाली आकडा. चौसष्ट टक्के.

साहेब आकड्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. "बघा! नाचता येईना अंगण वाकडं. चित्र तेच, टेकडी तीच. फरक कशाचा?"

फरक कशाचा ते मला समोर दिसत होतं. वाघजाईची टेकडी कोयत्यासारखी वाकडी आणि चित्रात तिरकी पडलेली. साहेबांच्या पडद्यावर मात्र छान काटकोनी चौकोन आला होता. त्या सॉफ्टवेअरमध्ये कापायच्या खिडकीत खाली एक बारीक चौकट असते. तिच्यावर टिक केली तर चित्र हद्दीच्या रेघेवरून कापलं जातं. नाही केली, तर हद्दीच्या चारी टोकांना टेकणारा अख्खा चौकोन कापून येतो. साहेबांनी टिक केली नव्हती. त्यामुळे टेकडीभोवतीचा कालव्याकाठचा ऊस, मका, बागा, सगळं चौकोनात येऊन बसलं होतं. एका कोपऱ्यात गर्द झाडांचा मोठा तुकडा होता. त्याच्या समोरच्या कोपऱ्यात एक लहानसा, आखीव, भडक ठिपका होता. ऊस इतका आखीव नसतो. पण तेव्हा मी त्याचा फार विचार केला नाही.

"साहेब, एक टिक राहिली," मी म्हणाले आणि सगळं समजावून सांगितलं. बोट ठेवून दाखवलंसुद्धा.

"प्रशिक्षणात टिक शिकवली नाही," साहेब म्हणाले.

"पण क्षेत्रफळ बघा. टेकडीच्या तिपटीहून जास्त आलंय."

साहेबांनी क्षेत्रफळाचा आकडा चष्मा वर करून वाचला. मग त्यांचा चेहरा उजळला. "तांबोळी, डोंगराला उतार असतो की नाही? सपाट मोजलं तर कमी भरणार. उतार धरला की वाढतं. भूमिती आहे ती."

"साहेब, हा चौकोन आहे."

"तुमचं कंत्राट जूनमध्ये संपतं ना?" साहेबांनी अगदी मायेने विचारलं. "मग सही माझी, काळजीही माझी. तुम्ही रंगीत प्रिंट काढा."

मी प्रिंट काढली. आकडा वर गेला, आणि आठवडा होतो न होतो तोच उलट टपाली अभिनंदन आलं. जिल्ह्यात पहिला नंबर. सत्कार पावसाळ्याच्या तोंडाशी, तत्पूर्वी पडताळणीसाठी मुंबईहून अधिकारी येतील. साहेबांनी पेढे वाटले. त्याच पेढ्यांसोबत आणखी एक निमंत्रण दिलं. पिंपरणीच्या शिवारात, मिसेसच्या नावावर, त्यांनी छोटंसं फार्महाऊस बांधलं होतं. मेमध्ये वास्तुशांत.

पडताळणीला ढवळीकर नावाचे गृहस्थ आले. गुडघे दुखत होते म्हणून टेकडी चढणार नव्हते. "सगळ्यात हिरवा पट्टा दाखवा, पुरे," ते जीपमध्ये बसता बसता म्हणाले. त्यांच्या हातात जागा दाखवणारं यंत्र होतं, नकाशा आमचाच होता. यंत्र सांगेल तशी जीप गेली. टेकडी डावीकडे राहिली. आम्ही कालवा ओलांडला आणि एका आमराईत शिरलो.

आंबे एकेका माणसाच्या कवेत न मावणारे. खाली गार सावली. फांद्या फळांनी वाकलेल्या. मला वाटलं, आता साहेब काहीतरी कारण सांगून जीप वळवतील. पण मी साहेबांच्या तोंडाकडे पाहिलं, तर ते भारावून गेले होते. आपलीच लागवड एवढी माजली आहे असं त्या माणसाला खरोखर वाटत होतं.

"दोन वर्षांत एवढी?" ढवळीकरांनी विचारलं.

"माती चांगली आहे," साहेब म्हणाले.

तेवढ्यात झाडाआडून एक म्हातारी आली. उंच, काटक, कासोटा घातलेली, हातात काठी. कोपरापर्यंत गोंदलेलं. ती भागाक्का दडस. बाग तिची. आमची पहिली भेट ती अशी.

"कोन पायजे?" तिने विचारलं.

"या कोण?" ढवळीकरांनी साहेबांना विचारलं.

"स्थानिक वृक्षमित्र," साहेब म्हणाले. त्यांच्या जिभेला हाड कधीच नव्हतं. "झाडांची राखण करतात."

"म्या न्हाई राखायची तर कोन राखनार?" भागाक्का म्हणाली. "माजी झाडं हायती."

"वा!" ढवळीकर खूश झाले. "ऐकलंत? लोकांना ही झाडं आपली वाटतात. सरकारी योजनेचं खरं यश ते हेच."

"आवं, वाटत्यात म्हंजे? हायतीच माजी."

"बघा, बघा!" ढवळीकरांनी कॅमेरा काढला. साहेबांना सर्वांत मोठ्या आंब्याला टेकून उभं केलं, भागाक्काला शेजारी घेतलं. तिने आपला एक हात खोडावर ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि संशयाने कॅमेऱ्याकडे बघत राहिली. मी पुढे होऊन ढवळीकरांना सांगायला गेले, "सर, ही बाग खाजगी आहे." साहेब मध्येच म्हणाले, "आमच्या कंत्राटी आहेत," आणि ढवळीकरांनी समजुतीने मान हलवली. कंत्राटी माणसाचं बोलणं तेवढ्याने मिटतं.

जाताना ढवळीकर शेरा मारून गेले. एवढी उत्तम लागवड उघड्यावर आहे, सत्कार होईपर्यंत तिला संरक्षण द्यावं. कुणी फांदी तोडू नये, फळ काढू नये.

आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. निवृत्त होऊन आलेले जवान पैशाला पासरी. साहेबांनी त्यातलेच एक हवालदार किसन फडतरे राखणीला नेमले, त्यांच्या हातात आमचा नकाशा दिला आणि आदेशावर सही केली. साहेबांनी आयुष्यात अनेक माणसं नेमली होती, पण ती सगळी सरकारी होती. हुकूम म्हणजे हुकूम असं मानणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

फडतऱ्यांनी काय केलं? नकाशावर चौकोन होता, त्यांनी जमिनीवर चौकोन काढला. शिवारभर फिरून, पावलं टाकून, ओळीने दगड मांडले आणि त्यांना चुना फासला. उसाला, मक्याला त्यांनी सोडून दिलं, कारण आदेशात 'झाडे' लिहिलं होतं आणि ऊस हे झाड नव्हे. पण चौकोनातल्या एकूण एका झाडाला त्यांनी पांढरा पट्टा ओढला. भागाक्काच्या आमराईला सगळ्यात आधी.

मग एके दिवशी दुपारी भागाक्का कार्यालयात आली. माडीचा जिना चढून, काठी आपटत, सरळ साहेबांच्या खोलीत. खोल्यांमध्ये दार नव्हतं, पडदा होता, आणि तोही मी ऐकण्यासारखं काही असलं की बाजूला करून ठेवत असे.

"सायेब, तुमचा त्यो शिपायगडी मला माज्या झाडाला हात लावू दीना," ती म्हणाली. "आंब्याला पाड लागलाय. ह्या हप्त्यात उतरवलं न्हाई तर सारं खाली पडून सडंल. काल पोरं आंबं उतरवायचा झेला घिऊन आली, तर त्यानं झेला काढून घ्येतला."

"बसा, बसा," साहेब म्हणाले. "आजी, नियम आहे. संरक्षित लागवडीतल्या झाडाला हात लावता येत नाही. फळसुद्धा काढता येत नाही."

"लागवड कुनाची?"

"कागदोपत्री शासनाची."

भागाक्काने काठी भिंतीला टेकवली आणि जमिनीवरच बसली. तिचा आवाज खाली आला. "सायेब, कालवा आता आला. आमी कलमं लावली तवा नदी व्हती, ती बी कोसभर लांब. म्या आन आमच्या मालकानं खांद्यावं कावड घिऊन सात उनाळं पानी वाह्यलं. आमाला प्यायला न्हाई ऱ्हायलं तरी झाडाला घातलं. पयला म्होर आला त्या साली मालक गेलं. त्यास्नी एक आंबा खायाला गावला न्हाई. आन तुमी म्हनता, शासनाची."

मी पडदा पुरता बाजूला सारला. साहेबांच्या तोंडात चहा होता, तो त्यांनी गिळला.

"मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण सत्कार होईपर्यंत धीर धरा. पाऊस पडला की नंतर सगळं तुमचंच."

"पाऊस पडल्यावं आंबं? ते का तवर झाडाला टांगून ऱ्हात्यात?"

"आजी, थोडा त्याग करावा लागतो. पर्यावरणाचा प्रश्न आहे. मी तर म्हणतो, प्रत्येकाने आपली झाडं देशाला अर्पण—"

साहेबांचा मोबाईल वाजला. पोतनीस वहिनींचा आवाज फोनच्या बाहेर ऐकू यायचा. साहेब फोन कानाजवळ नेत नसत, समोर धरत.

"अहो, हा कोण माणूस पाठवलाय तुम्ही?" वहिनी ओरडत होत्या. "चिंच तोडायला माणसं आलीयेत, तर हा करवत हिसकावून घेऊन उभा राहिलाय!"

चिंचेचा विषय आम्हाला तोंडपाठ होता. फार्महाऊसच्या दारासमोर मोठी चिंच होती. वास्तूच्या जाणकाराने सांगितलं होतं, दारासमोर चिंच म्हणजे घरात बरकत येणार नाही. ती पडल्याशिवाय वास्तुशांत करायची नाही, असं ठरलं होतं. आणि वास्तुशांत होती परवा.

"कोण माणूस?" साहेबांनी विचारलं.

"मिशावाला! सगळ्या झाडांना चुना लावलाय त्याने. माझ्या नारळांनासुद्धा! आणि हिरवळीच्या मधोमध एक पांढरा धोंडा आणून ठेवलाय!"

मी जागेवरून उठले आणि भिंतीवरच्या रंगीत प्रिंटजवळ जाऊन उभी राहिले. चौकोनाच्या त्या दुसऱ्या कोपऱ्यातला तो आखीव ठिपका. भर उन्हाळ्यात, तालुका करपलेला असताना, इतका ताजा. टँकर पिंपरणीपर्यंत येऊन पुढे कुठे जात होते हे मला त्या क्षणी कळलं. ते टेकडी चढत नव्हते, कारण त्यांना हिरवळीकडे वळायचं असायचं. मी परत खुर्चीत येऊन बसले.

"द्या त्याला फोन," साहेब म्हणाले.

"जय हिंद साहेब. फडतरे बोलतोय."

"फडतरे, काय चालवलंय? ती माझी जागा आहे!"

"व्हय साहेब, वहिनींनी सांगितलं. पण नकाशाप्रमाणं हा कोपरा आत येतो. मी दोनदा मोजला. कोपऱ्याचा दगड बरोबर तुमच्या हिरवळीत पडतो."

"अहो, मी सांगतोय ना, चिंच तोडू द्या!"

"साहेब, मी तुम्हाला वळखतो. पण आदेशावर तुमचीच सही आहे. झाड तोडायला मनाई. सहीच्या पुढं मला जाता येत न्हाई. आणखी एक विचारायचं व्हतं साहेब. संरक्षित लागवडीत हे पक्कं बांधकाम दिसतंय. स्लॅब टाकलेलं. ते अतिक्रमण धरून वर कळवायचं, का तुमी कळवताय?"

साहेबांनी फोन हळूच टेबलावर ठेवला. तो बंद करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. वहिनींचा आवाज टेबलावरून येतच राहिला.

भागाक्का सगळं ऐकत होती. तिने पदराने तोंड पुसलं. हसू पुसायला पदर बरा पडतो.

"म्हंजे सायेब, तुमचं बी सरकारजमा झालं म्हना की," ती म्हणाली. "आता असं करा. तुमी बी धीर धरा. पाऊस पडस्तवर."

"आजी, माझं वेगळं आहे."

"कसं वो? योकच चौकोन हाय न्हवं? माजं आंबं त्यात, तुमची चिंच बी त्यात. माजं देशाला अर्पन करायचं, तर तुमच्या बंगल्यानं काय घोडं मारलंय?"

पंखा फिरत होता, तरी साहेबांच्या कपाळावर घाम होता. एका बाजूला सत्कार, शाल, मुंबईची शाबासकी. दुसऱ्या बाजूला बायको, चिंच आणि स्लॅब. कोणती बाजू जड आहे हे कुणाही संसारी माणसाला कळलं असतं. अखेर ते उठले, पडदा ओलांडून माझ्या टेबलाशी आले आणि इतक्या हळू बोलले की मला ऐकूच आलं नाही असं मी दाखवलं.

"काय म्हणालात साहेब?"

"तांबोळी... ती टिक कुठे असते म्हणालात?"

मी उठले. खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "बसा साहेब. माझ्या हाताला यश नाही."

साहेबांनी चित्र घेतलं, हद्द घेतली. मी बारीक चौकट दाखवली. त्यांनी टिक केली, मग बटण दाबलं. भागाक्का उठून माझ्या खांद्याआडून पडद्याकडे बघत होती. चौकोन नाहीसा झाला. वाकड्या कोयत्यासारखी करपलेली टेकडी तेवढी राहिली आणि भोवती सगळं पांढरं. खाली आकडा होता, नऊ.

"माजी बाग कुटं गेली?" भागाक्का घाबरली.

"बाहेर गेली अक्का. कापून टाकली."

"म्हंजे आता शासनाची न्हाई?"

"नाही. तुमची."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग काठी घेतली आणि साहेबांना म्हणाली, "तेवडा त्या शिपायगड्याला फोन करा, पोरं झेलं घिऊन हुबी हायती." साहेबांनी केला. फडतऱ्यांनी तोंडी हुकूम मानला नाही. नवा नकाशा आणि नवी सही हातात मिळेपर्यंत त्यांनी ना आंबा पाडू दिला ना चिंच. नकाशा घेऊन मी स्वतः गेले. त्यांनी तो वाचला, मला सलाम ठोकला, आणि चुन्याचे सगळे दगड एकेक करून नव्या हद्दीवर, टेकडीभोवती, नेऊन मांडले.

आता तुम्हाला वाटेल, साहेबांची चौकशी झाली असेल. झाली ना. नऊ टक्क्यांबद्दल नाही, चौसष्ट टक्क्यांबद्दल. एवढा फरक कसा पडला, असं वरून विचारलं. साहेबांनी उत्तर दिलं, कंत्राटी तांत्रिक सहायकाच्या हातून टिक राहिली. चूक साहेबांनी स्वतः शोधून, स्वतः दुरुस्त केली. टेकडी कोरडी पडली ती हवामानामुळे. जूनमध्ये माझं कंत्राट संपलं ते पुन्हा झालं नाही. आणि चूक पकडणारा माणूस म्हणून साहेबांची नेमणूक झाली प्रशिक्षण संस्थेत. विषय तोच, चित्र हद्दीबरहुकूम कापणे.

मला राग आला होता. या गोष्टीला इतकी वर्षं झाली, माझं स्वतःचं नकाशांचं दुकान बरं चाललं आहे, तरी तो राग गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. चिंच पडली, वास्तुशांत झाली. बरकतही झाली म्हणतात.

या प्रकारानंतर पुढच्याच वर्षी, आंब्याच्याच दिवसांत, जुन्या कार्यालयातल्या शिपायाने मला एक गुळगुळीत पुस्तिका आणून दिली. हरित यशोगाथा. सरकारात आकडा दुरुस्त होतो, पण छापखान्याला ते कळवायचं कुणाचं काम, हे ठरलेलं नसतं. मुखपृष्ठावर पोतनीस साहेब, मागे तो मोठा आंबा, आणि खाली ओळ, 'दोन वर्षांत फुललेली वाघजाई'. मी पुस्तिका पिशवीत टाकली आणि पिंपरणीची एसटी धरली.

भागाक्का अढी लावत बसली होती. पिंजरात आंबे, आंब्यांवर पिंजर. "आलीस पोरी? बस," ती म्हणाली आणि कडेचा एक आंबा दाबून बघून माझ्या हातात दिला. मी पुस्तिका तिच्या पुढ्यात धरली.

तिने ती हात लांब करून पाहिली. "ह्यो सायेब. ह्ये झाड माजं, बांधावरचं. म्या कुटं हाय? त्या पावन्यानं मला बी हुबं क्येलं हुतं की."

"तुम्हाला कापलं, अक्का."

खरंच कापलं होतं. साहेबांनी स्वतः बसून कापलं असणार, कारण त्यांच्या हाताची खूण तिथे होती. भागाक्काचं तोंड गेलं होतं, लुगडं गेलं होतं, काठी गेली होती. पण कात्री मनगटापाशीच थबकली होती. साहेब शाल पांघरल्यासारखे हसत उभे होते, आणि त्यांच्या कानाशेजारी, खोडावर, कुणाचाच नसलेला एक गोंदलेला हात सपाट पसरला होता.

मी तो तिला बोटाने दाखवला. मला वाटलं, ती चिडेल. मला तिने चिडायला हवं होतं. तिने आपला हात पुस्तिकेशेजारी धरला, गोंदण ताडून पाहिलं, आणि हातातलं पिंजर खाली पडेपर्यंत हसली.

"तोंड न्हाई तर न्हाई," ती म्हणाली. "हात झाडावं हाय न्हवं? बास झालं. खा तू आंबा."